कापलेल्या लाकडाची तहान

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ भाजणारे दिवस, लागला की नागपूरचा माणूस सकाळीच कामं उरकून घरात शिरतो आणि कूलरसमोर बसतो. मी मात्र परवा भर दुपारी लकडगंजात स्कूटर उभी करून लाकूड कापायच्या एका आरामशिनीच्या फाटकाशी थांबलो होतो. डोक्याला दुपट्टा, तोंडाला दुपट्टा, फक्त डोळे उघडे. आवारात सागवानाचे ओंडके एकावर एक रचलेले होते आणि त्यांची कापलेली गोल तोंडं रस्त्याकडे होती. काही तोंडांना लाल रंग फासलेला, काहींना काळं, डांबरासारखं काहीतरी, आणि बऱ्याच तोंडांना काहीच नाही. ज्यांना काही नव्हतं त्यांच्या मधोमध चांदणीसारख्या चिरा पडल्या होत्या.

"क्या चाहिए साब?" आतून एकानं विचारलं.

"काही नाही, पाहून राहिलो."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू उन्हानं आणखी एकाचं डोकं फिरलं.

पन्नाशी उलटेपर्यंत मीसुद्धा तो रंग नुसताच पाहत आलो होतो. मला वाटायचं, मालकीची खूण असेल. पोत्यावर व्यापारी नाव घालतो तशी. लाकूड अंगानं फारसं पीत नाही, तोंडानं पितं, आणि वाळतंही आधी तोंडाकडूनच, हे मला एका उन्हाळ्यानं शिकवलं. तेव्हापासून सवयच जडली. दाराची चौकट दिसली की मी तिचा जमिनीलगतचा काठ पाहतो. बागेतल्या बाकावर बसण्याआधी वाकून त्याचे पाय पाहतो. रेखा, माझी बायको, म्हणते, "लोक माणसाले तोंडावरून ओळखतात, तुम्ही लाकडाले तळव्यावरून ओळखता."

तो उन्हाळा नलूताईचा होता.

नलूताई माझी मोठी बहीण. नागपुरातल्या मुलींच्या शाळेत तिनं सगळी नोकरी विज्ञान शिकवण्यात घालवली. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारणारे एकेक करून थकले. आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर तिची खोली होती. खाली मी, रेखा आणि आमची मुलगी; मुलगी पुढे शिकायला पुण्याला गेली. ताईच्या चपलांचा आवाज वरून यायचा आणि त्यावरून आम्हाला दिवस कळायचा. चपला जिन्याकडे निघाल्या की रेखा चहाचं आधण ठेवायची.

निवृत्त झाली त्या एप्रिलमध्ये एका रविवारी जेवताना ती सहज म्हणाली, "मी काटोलकडे राहायला जाऊन राहिली."

काटोलच्या पुढे आमच्या वडिलांची थोडी संत्र्याची बाग होती. वाटणीत विहीर, पत्र्याच्या दोन खोल्या आणि म्हातारी होत चाललेली झाडं ताईच्या वाट्याला आली होती. वर्षातून दोनदा आम्ही तिथं डबा घेऊन जायचो आणि ऊन उतरलं की परत यायचो. तिथं राहायचं असतं, हे आमच्यापैकी कोणाच्या मनात आलं नव्हतं.

"एकट्या?" रेखाच्या हातातला वरणाचा डाव तसाच राहिला. "ताई, अहो तिथं रानडुकरं येतात. रोह्यांचे कळप येतात. रात्री काही झालं तर?"

"रानडुकरं तर माझ्याआधीपासून राहून राहिली तिथं. त्यांले काही झालं का?"

मी म्हटलं, "पक्कं कुंपण झाल्याशिवाय मी तुले तिथं राहू देणार नाही."

खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, कुंपणाच्या नादात उन्हाळा जाईल, पावसाळ्यात कोणी राहायला जात नाही, आणि दिवाळीपर्यंत तिच्या डोक्यातून हे निघून जाईल. ताईनं भाताचा घास घेतला, गिळला आणि म्हणाली, "ठीक आहे. मग कुंपण करू."

मी काटेरी तार सुचवली. ती नाही म्हणाली. तारेत पाय अडकलेलं वासरू तिनं एकदा स्वतःच्या हातानं सोडवलं होतं. ते तिला पुन्हा करायचं नव्हतं. तिला लाकडाचं कुंपण हवं होतं. घराभोवती आणि भाजीच्या तुकड्याभोवती, छातीइतकं उंच, आडव्या दांड्यांचं. "लाकूड मोडलं तर तेवढंच बदलता येते," एवढंच तिनं कारण दिलं.

खांबांसाठी आम्ही दोघं लकडगंजात गेलो. निलगिरीच्या बल्ल्या होत्या, टाकीत दाबानं औषध पाजलेल्या. अंगावर हिरवट झाक. दुकानदार हातानं थापटून दाखवत होता, "दवाई पिया हुआ माल है मॅडम. न दीमक, न सडन. आप भूल जाओगे कि कब लगाया था." ताईनं एका बल्लीला नाक लावून वास घेतला. दुकानदार हसला, मीही हसलो. ताई हसली नाही. ती म्हणाली, "औषध कुठपर्यंत जाते?"

"पूरा, मॅडम. आरपार."

आणि आम्ही तो माल ट्रकमध्ये भरला.

ती जागा आता डोळ्यांसमोर आणली तर आधी उन्हाचा वास येतो. तापलेल्या मुरमाचा, सुकलेल्या पानांचा, विहिरीच्या शेवाळलेल्या काठाचा. संत्र्याची झाडं मान टाकून उभी होती. मृग बहार धरायचा असेल तर उन्हाळ्यात झाडांचं पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. झाड तहानेनं कोमेजतं, पानं वळतात, आणि मग पावसाचं पाणी मिळालं की ते फुलांनी भरून येतं. बाग शेजारचे शेतकरी ठोक्यानं, वर्षाची ठरलेली रक्कम देऊन, करत होते, त्यांनी ताण दिला होता. विहिरीत पाणी होतं आणि झाडं तहानलेली होती. लहानपणी मला हे फार दुष्टपणाचं वाटायचं. वडील म्हणायचे, "थोडं थांबू दे त्याले."

कुंपणाच्या कामाला रामाजी होते. गावातले सुतार, ताईच्याच वयाचे, बोलायला मोकळे आणि रागवायलाही. पहिल्याच दिवशी अडचण आली. हातभर मुरूम खणला की खाली कातळ लागायचा. खड्डे ठरवले होते तितके खोल जाईनात, त्यामुळे खांब उंच व्हायला लागले. शिवाय बल्ल्यांचा बुंध्याकडचा भाग इतका जाड की खड्ड्यात बसेना. रामाजींनी सरळ मार्ग काढला. प्रत्येक बल्लीचा जाड बुंधा करवतीनं कापायचा आणि कापलेली बाजू खाली घालून खांब उभा करायचा. मला ते पटलं. संध्याकाळपर्यंत एक बाजू जवळजवळ उभी राहिली. मी रांगेत डोळा लावून पाहिलं. खांब सुतात होते. मला उगाच अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई कापून पडलेल्या बुंध्यांच्या ढिगाशी बसलेली दिसली. हातात एक चकती.

"काय करून राहिली वं ताई?"

"हे पाहा. टरबूज."

चकतीच्या कडेला हिरवट कडं होतं, बोटाच्या पेराएवढं. आणि आत सगळं फिकट, कोरं लाकूड. टरबुजाच्या सालीसारखं औषध बाहेरच थांबलं होतं.

"आरपार म्हणे," ताई म्हणाली. चिडून नाही, तिचे डोळे चमकत होते. मी ते डोळे ओळखत होतो. शाळेतून येताना तिच्या पर्समध्ये कधी सुगरणीचं पडकं घरटं असायचं, कधी नुसता दगड, तेव्हाचे ते डोळे. "आता सांग. आपण जे तोंड कापलं, तिथं औषध नाही. आणि तेच तोंड आपण मातीत पुरलं."

"मोठा फरक पडेल का?"

"माहीत नाही. पाहू ना."

तिनं स्वयंपाकघरातून स्टीलचा पेला आणला, त्यात पाणी घातलं आणि कपड्यांना घालायची नीळ कालवली. एका कापलेल्या तुकड्यातून रामाजींकडून दोन सारख्या काड्या फाडून घेतल्या. एक पेल्यात उभी केली. दुसरीच्या दोन्ही तोंडांना मेणबत्तीचं मेण लावलं आणि ती ताटलीतल्या निळ्या पाण्यात आडवी ठेवली. मग आम्ही कामाला लागलो. पण कामात कोणाचं लक्ष होतं? रामाजी दोन दांड्या ठोकायचे आणि पेल्याकडे जाऊन यायचे.

ऊन उतरल्यावर ताईनं दोन्ही काड्या चिरल्या. आडवी काडी वरवर निळी झाली होती, आत कोरी. उभ्या काडीत निळ्या बारीक रेघा चढलेल्या होत्या, शाईनं ओढाव्यात तशा, पाण्याच्या पातळीच्या कितीतरी वर.

रामाजी उकिडवे बसले आणि त्यांनी काडी डोळ्यांजवळ नेली. "आता आईच्यान," ते हळूच म्हणाले, "मेलं तरी पिऊनच राहिलं हे!"

पलीकडे जिवंत झाडं तहानेनं पानं मिटून उभी होती आणि आमच्या हातातलं मेलेलं लाकूड पाणी पीत होतं. झाड असताना ज्या नळ्यांतून मुळांचं पाणी शेंड्याला जायचं, त्या नळ्या झाड पडल्यावर बंद होत नाहीत. त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. हे मी शाळेत शिकलो असणार, कदाचित ताईनंच घरी शिकवलं असेल. पण शिकणं वेगळं आणि ती निळी रेघ पाहणं वेगळं.

"उपटा सगळे," ताई म्हणाली.

"काय?"

"उभे केलेले खांब उपटू. न कापलेली बाजू मातीत घालू. तिथलं औषध शाबूत आहे. कापलेली बाजू वर येईल, तिले आपण औषध लावू."

रामाजी उठून उभे राहिले. "म्हंजे झाड उलटं पुरायचं? शेंडा खाली? अवं ताई, पाणी उलटं कसं चढन?"

"चढेल की नाही ते मलेही माहीत नाही."

"ताई, राहू दे ना," मी म्हटलं. माझी रजा संपत आली होती. नागपूरच्या सदर भागातल्या माझ्या ऑफिसातून साहेबांनी आधीच दोनदा फोन केला होता. "थोड्या दिवसांत मृग लागेल. एवढं उभं केलेलं उपटायचं? पाच-सात वर्षं तर टिकेल ना तसंही."

"तूच म्हटलं होतं, पक्कं कुंपण."

मग मी जे बोललो ते बोलायचं ठरवलं नव्हतं. रामाजी चहा ठेवायला गेले होते. मी म्हटलं, "ताई, तू काहून जाऊन राहिली? आमचं काही चुकलं का? रेखा काही बोलली का?"

ती चकती हातात फिरवत राहिली. "कोणी काही बोललं नाही. तुमच्यावर रुसून जात असती तर कुंपणाची वाट कशाले पाहिली असती?" चकती खाली ठेवून ती म्हणाली, "दिवाकर, मी एवढी वर्षं पोरींले एकच सांगितलं, निरीक्षण करा. अन् दर वेळी मधातच घंटा व्हायची. बी पेरलं, कोंब आला, परीक्षा आली, सुट्ट्या लागल्या, कुंडी वाळली. एक गोष्ट मी शेवटपर्यंत पाहिली नाही. आता कोणतीच घंटा नाही."

मी उठून पहार उचलली.

आम्ही खांब उपटले. एकदा ठोकलेली माती पुन्हा उकरताना रामाजी अखंड बडबडत होते. पण त्यांनीच पुढे सुचवलं की खड्ड्याच्या तळाशी गिट्टी टाकावी, म्हणजे पाणी तुंबणार नाही. दोन खांब ताईनं मुद्दाम जुन्यासारखेच ठेवायला लावले, कापलेलं तोंड खाली. फक्त त्यांना औषध लावून. "बरोबरीला काहीतरी पाहिजे," ती म्हणाली. रामाजींना आता यात मजा यायला लागली होती. त्यांनी त्या दोन खांबांवर खिळ्यानं फुल्या कोरल्या.

औषध मी नागपूरच्या जरीपटका भागातल्या एका रंगाच्या दुकानातून आणलं. हिरवं, पातळ, तांब्याच्या भांड्याला चढलेल्या कळकासारखा रंग. दुकानदारानं बजावलं, "हाथमोजे पहनना. कटे सिरे पे मारो, सूखने दो, फिर मारो. एक बार में पेट नहीं भरता उसका." ताई ते वाक्य दिवसभर आनंदानं म्हणत होती. खांबांची वरची तोंडं रामाजींनी तिरपी कापली, पाऊस साचू नये म्हणून. म्हणजे आणखी ताजी तोंडं. दांड्याही प्रत्येक ठिकाणी मापानं कापाव्या लागत. म्हणजे आणखी तोंडं. कुंपण म्हणजे लांबच लांब लाकूड, असं आपण समजतो. ते करायला बसलं की कळतं, कुंपण म्हणजे तोंडंच तोंडं.

कापून उरलेले तुकडे रामाजी चुलीसाठी नेणार होते. ताईनं अडवलं. त्या धुरात औषध असेल, त्यावर भाकरी भाजू नका, म्हणाली. ते तुकडे तिनं एका पोत्यात बांधून बाजूला ठेवले.

आणि मग, काम अर्ध्यावर आलेलं असताना, तिला ऊन लागलं.

दुपारी काम करायचं नाही, असं ठरलं होतं. पण जेवणानंतर मी आणि रामाजी खोलीत आडवे झालो तेव्हा ती ब्रश घेऊन बाहेर गेली. मला जाग आली तेव्हा ती संत्र्याच्या झाडाखाली बसलेली दिसली, ब्रश हातात. मी हाक मारली, तिनं ओ दिली. पण शब्द जिभेवर घसरत होते. हात लावला तर अंग भट्टीसारखं, आणि घामाचा थेंब नाही. मी आणि रामाजींनी तिला उचलून गाडीत टाकलं. रस्ताभर रामाजी तिच्या डोक्यावर, मानेवर पाणी ओतत होते आणि मला म्हणत होते, "तुम्ही फक्त समोर पाहा, साहेब. समोर पाहा." काटोलच्या डॉक्टरांनी अंगावर ओले पंचे टाकले, सलाईन लावली. ती शुद्धीवर होती, पण माझ्याकडे पाहत नव्हती. छताकडे पाहत होती. पंख्याची पाती फिरत होती आणि माझ्या हाताला त्या हिरव्या औषधाचा वास येत होता.

दोन दिवसांनी तिला नागपूरला आणलं. खालच्या खोलीत कूलरसमोर खाट टाकली. रेखानं कैरीचं पन्हं केलं, कांदा किसून तळव्यांना लावला, आणि स्वयंपाकघरात येऊन माझ्यासमोर रडली. "आता तुम्हीच सांगा त्यांले. दोन माणसं सोबत होती तेव्हा हे झालं. एकट्या असताना झालं असतं तर?"

ती चुकीचं काही बोलत नव्हती. मी खाटेशी जाऊन बसलो. सगळी वाक्यं मनात जुळवून आलो होतो, तिच्या प्रत्येक उत्तराला माझं उत्तर तयार होतं. पण मी तोंड उघडण्याआधीच ताई म्हणाली, "तू म्हणशील तसं."

आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्याशी भांडली नाही. मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. मला भीती वाटली.

सकाळी मी एकटाच गाडी घेऊन काटोलला गेलो, काम थांबवा म्हणून सांगायला. फोनवरही सांगता आलं असतं. पण रामाजींनी तिला उचललं होतं. त्यांना तोंडावर सांगायला हवं, असं वाटलं.

रामाजी खांबाला टेकून उभे होते. "ताई कशा हायेत?"

"बरी आहे. अशक्तपणा आहे."

"मंग आता? काम?"

मी कुंपणाकडे पाहिलं. निम्म्या खांबांची तोंडं हिरवी झाली होती. निम्म्यांची कोरी, फिकट, उन्हात उघडी. एकाला कडेपासून बारीक चीर जायला लागली होती. जिथं ती थांबली होती तिथं, शेवटच्या खांबावर, अर्ध्या तोंडाला औषध होतं आणि अर्धं तसंच. तिचा ब्रश मध्येच थांबला होता.

"डबा कुठं ठेवला?" मी विचारलं.

का विचारलं, ते आजही मला नीट सांगता येत नाही. तिच्यावरच्या प्रेमानं म्हणावं, तर प्रेमानंच तर मी थांबवायला आलो होतो. मला ते अर्धं तोंड पाहवलं नाही, एवढंच खरं.

हातमोजे घातले, ब्रश बुडवला आणि त्या अर्ध्या तोंडावर फिरवला. औषध क्षणात नाहीसं झालं. पुन्हा फिरवलं, पुन्हा प्यालं. मग पुढच्या खांबाला भरपूर लावलं आणि वाकून पाहिलं, तर त्या ओल्या तोंडावर बारीक बारीक बुडबुडे येत होते. लाकूड पीत होतं आणि आतली हवा बाहेर टाकत होतं. "रामाजी, या इकडे!" मी ओरडलो. ते धावत आले. त्यांना वाटलं, मलाही ऊन लागलं. आम्ही दोघं दोन बाजूंनी त्या खांबावर डोकी वाकवून पाहत राहिलो.

मी घरी फोन लावला. रेखानं तो ताईच्या कानाला लावला.

"ताई, औषध लावलं की तोंडातून बुडबुडे येतात वं!"

कूलरच्या आवाजातून ताई म्हणाली, "तू औषध लावून राहिला?"

"हो. बुडबुडे येऊन राहिले, सांगतो ना."

"कुठं? कडेला की मधात?"

मी वाकून पाहिलं. "कडेला जास्त. मधात जवळजवळ नाहीतच."

"काहून?"

"मले काय माहीत?"

"अरे मग पाहा ना नीट! मधलं लाकूड गडद आहे का? दुसऱ्या खांबाले लावून पाहा. पातळ लावू नको, भरपूर लाव. अन् किती वेळ येतात ते पाहा." तिचा आवाज चढत गेला. मागे रेखा म्हणत होती, "ताई, पडून राहा हो, उठू नका," आणि ताई म्हणत होती, "थांब गं, तू थांब जरा."

मला तिथं, त्या उन्हात, कळलं की ती जाणार आहे. आणि मी ते अडवणार नाही.

रजा वाढवली. साहेब जे बोलायचं ते बोलले. सकाळी लवकर आणि संध्याकाळी, असं रामाजींनी आणि मी सगळं कुंपण पुरं केलं. प्रत्येक तोंडाला दोनदा, तीनदा औषध, वाळलं की पुन्हा. वरच्या तोंडांवर रामाजींनी तेलाच्या जुन्या पिपांचा पत्रा कापून टोप्या बसवल्या. बुडबुडे मधात का येत नाहीत, हे आम्हाला तेव्हा कळलं नाही. पुढे ताईनंच सांगितलं, झाडाचा गाभा घट्ट होऊन बसलेला असतो, तो पीत नाही; पितं ते कडेचं तरुण लाकूड. मग लगेच म्हणाली, "निदान तसं पुस्तकात आहे."

पाऊस लागून जमीन बसल्यावर ताई राहायला गेली. सामान फार नव्हतं. रेखानं लोणच्याची बरणी, औषधांची पेटी आणि एक मोठी बॅटरी दिली. रोज सकाळ-संध्याकाळ फोन करायचा, असं वचन घेतलं. आम्ही परतलो त्या संध्याकाळी रेखानं सवयीनं चहा जास्त टाकला. वरच्या मजल्यावर काहीच आवाज नव्हता. आम्ही दोघांनी तो जास्तीचा चहा वाटून घेतला.

याला आता काही वर्षं झाली. फुल्या कोरलेल्या दोन खांबांपैकी एक तिसऱ्या पावसाळ्यात बुडाशी मऊ पडला. पेचकस खुपसला तर लोण्यासारखा आत गेला. दुसरा अजून ठणठणीत आहे. उलटे पुरलेले सगळे ठीक आहेत. रामाजी म्हणतात, "एक मेला, एक जगला, मंग समजायचं काय?" ताई म्हणते, "समजायचं एवढंच की दोन खांब कमी पडले." रानडुकरांनी एकदा कोपऱ्यातली दांडी मोडली, तेवढीच बदलली. तिला ऊन पुन्हा लागलं नाही. ताप दोनदा आला, पाय एकदा मुरगळला; दर वेळी रामाजींची बायको येऊन राहिली. रेखाची काळजी कमी झालेली नाही. ती कमी होणारी नाही, आणि ताईही ते जाणून फोन चुकवत नाही.

परवा लकडगंजातून मी ऑफिसात पोहोचतो न पोहोचतो तोच तिचा फोन आला. एवढ्या दुपारी ती कधी करत नाही.

"दिवाकर, येऊ शकतो का आज?"

"काय झालं? बरी आहेस ना?"

"मले काय होते? कुंपणाच्या दांडीले खालून भोक पडलं आहे. गोल, कंपासनं काढावं तसं. खाली भुसा पडला आहे. भुंगा आहे, काळा, अंगठ्याएवढा. आत शिरताना पाहिला मी."

मी साहेबांच्या टेबलावर अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज ठेवला आणि निघालो.

पोहोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. ताईनं संत्र्यांचे दोन रिकामे खोके कुंपणाशी पालथे घातले होते, एक तिच्यासाठी, एक माझ्यासाठी. मी दांडीखाली वाकून पाहिलं. भोक खरंच सुरेख होतं. आतून अगदी बारीक घरघर ऐकू येत होती. एवढी तोंडं आम्ही बंद केली होती आणि हा पठ्ठ्या सरळ पोटातून शिरला होता.

"औषधाचा डबा आहे का अजून?" मी विचारलं. "भरून टाकू भोक. दांडी पोखरेल सगळी."

"दांडी बदलता येते," ताई म्हणाली. "बस. आधी तो बाहेर तर येऊ दे."

मी खोक्यावर बसलो. तिनं बोट ओठांवर ठेवलं. आतली घरघर थांबली होती.